तपासणीआधीचा आठवडा

साहेबांचं मत सरळ होतं. जो माणूस भेटीआधी तुमच्याकडून कागद भरून मागतो, तो तुम्हाला भेटायला बोलावत नसतो, तपासायला बोलावत असतो. आणि तपासणी या विषयात साहेबांना कुणी शिकवायची गरज नव्हती. एकतीस वर्षं ते बॉयलर निरीक्षक होते. कापडाची गिरणी असो, साबणाचा कारखाना असो की इस्पितळाचं धुलाईघर, जिथे म्हणून वाफ कोंडून कामाला लावली होती तिथे साहेब छोटी हातोडी घेऊन जात, लोखंडावर ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकत आणि शेवटी कागदावर शिक्का मारत: वापरण्यास योग्य, किंवा अयोग्य. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी शेजाऱ्यांपासून मुलीपर्यंत सगळे त्यांना साहेबच म्हणत. आधी आदराने, मग थट्टेने, आणि हल्ली निव्वळ सवयीने.

कागद आला होता पॅलिएटिव्ह केअर नावाच्या विभागाकडून. कॅन्सरच्या मोठ्या डॉक्टरांनी महिन्याभरापूर्वी खुर्ची जरा पुढे ओढून सांगितलं होतं की आजार आता हाडांत उतरला आहे, इंजेक्शनं तूर्त थांबवू, आणि तुम्ही एकदा पॅलिएटिव्ह केअरच्या लोकांना भेटून घ्या, दुखण्यावर ती मंडळी फार चांगलं काम करतात. साहेबांनी यातला एकच शब्द उचलला: 'तूर्त'. हा शब्द त्यांनी स्वतः शेकडो वेळा लिहिला होता. 'बॉयलर क्रमांक अमुक तूर्त बंद ठेवावा.' त्यातला एकही बॉयलर पुन्हा पेटल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

मग त्या विभागातल्या नर्सबाईंचा फोन आला आणि साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. बाई गोड बोलत होत्या, तेच वाईट. घर कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट आहे का? पलंगापासून न्हाणीघर किती पावलांवर? घरात कोण कोण असतं? उठायला-बसायला हात कोण देतं? साहेबांनी उत्तरं दिली, पण फोन ठेवल्यावर बायकोला म्हणाले की चोरसुद्धा घराची एवढी चौकशी करत नाहीत. काकूंनी ते हसण्यावारी नेलं. साहेबांच्या बायकोला सगळी इमारत काकू म्हणायची. त्यांची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती, त्यामुळे दुसऱ्याचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करणं त्यांना छान जमायचं.

साहेबांचा संशय असा होता, आणि तो त्यांनी कुणालाही बोलून दाखवला नव्हता. त्या विभागाला लागूनच बारा खाटांचा एक वॉर्ड होता. खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर दोन वर्षांपूर्वी 'नुसतं दाखवून येतो' म्हणून तिथे गेले, त्यांना ठेवून घेतलं, आणि अकराव्या दिवशी ते तिथेच वारले. आता साहेबांच्या घराची मोजमापं घेऊन झाली होती. गुरुवारी अकरा वाजता, भेटीच्या वेळी, माणूस बघायचा, कागदावर अयोग्य लिहायचं आणि खाटेवर टाकायचं, की झालं. मरणाला साहेब भीत नव्हते असं नाही, पण त्याच्याशी त्यांनी कसंबसं जुळवून घेतलं होतं. त्यांना मरायचं होतं ते आपल्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर, काकूंची भांडी वाजताना ऐकत. बाराजणांच्या रांगेत नाही. एवढी एकच गोष्ट त्यांना अजून हवी होती, आणि तीच ही मंडळी आपल्यापासून काढून घेणार याची त्यांना खात्री पटली होती.

तेव्हा त्यांनी तयारी करायचं ठरवलं. तयारी कशी करतात हे त्यांना कारखानदारांनी शिकवलं होतं. साहेब येणार म्हटल्यावर गंजावर ताजा रंग फासला जायचा. बिघडलेला प्रेशर गेज काढून शेजारच्या कारखान्यातला उसना लावला जायचा. वर्षभराची नोंदवही एका बैठकीत, एका पेनाने लिहिली जायची. आणि सगळ्यात हुशार लोक काय करायचे, तर आदल्या आठवड्यात बॉयलर जेमतेम चालवायचे, म्हणजे ऐन तपासणीच्या दिवशी तो कुरकुर करत नसे. साहेब या सगळ्या युक्त्या ओळखायचे आणि मनातल्या मनात हसायचे. आता त्याच त्यांनी एकेक करून कामाला लावल्या.

कागदावर सात दिवसांचा तक्ता होता. रोज शून्य ते दहा या आकड्यांत दुखणं किती, ते लिहायचं. साहेबांनी पहिल्याच दिवशी दोन लिहिले. शून्य लिहिलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. पुढे कधी दोन, कधी तीन, आणि सोमवारी मुद्दाम चार, कारण सगळे आकडे सारखे असलेली वही त्यांनी कधीच खरी मानली नव्हती. पेनसुद्धा बदलून बदलून वापरलं.

दुसरी युक्ती गोळ्यांची. दिवसात तीन गोळ्या होत्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. दुपारची गोळी काकू पाण्याच्या पेल्याबरोबर ठेवून स्वयंपाकघर आवरायला जात. ती गोळी शुक्रवारपासून साहेबांच्या पोटात न जाता चष्म्याच्या जुन्या डबीत जाऊ लागली. हिशेब असा की गुरुवारी सकाळी दोन-तीन जादा घ्यायच्या, ताठ उभं राहायचं आणि डॉक्टरांच्या खोलीत स्वतःच्या पायांनी जायचं. आजारी माणसाने असला खेळ करू नये हे साहेबांना कळत नव्हतं असं नाही. पण ज्याला आपण पकडले जाऊ अशी भीती असते, त्याचं डोकं फार चालतं आणि चुकीच्या दिशेला चालतं. दुपारी तीननंतर कमरेपासून घोट्यापर्यंत कुणीतरी पिळून काढावं तसं होई. ते उशी तोंडात धरत आणि काकू आल्या की डोळे मिटून झोपल्याचं सोंग करत.

आता काकूंबद्दल. सोंगाच्या त्या दुपारीच साहेबांच्या कानावर काहीबाही पडू लागलं होतं. शनिवारी काकू बाल्कनीत उभ्या राहून मुलीशी फोनवर बोलत होत्या, एक हात फोनच्या तोंडाशी आडवा धरून. मुलगी दुसऱ्या शहरात राहायची आणि रोज फोन करायची, त्यात विशेष काही नव्हतं. विशेष हे की एरवी काकूंचं बोलणं खालच्या मजल्यापर्यंत जायचं आणि आज ते दारातून आत येत नव्हतं. साहेबांनी कान टवकारले. दोनच वाक्यं हाती लागली. एक, "असं किती दिवस चालणार, तूच सांग." आणि दुसरं, "त्यांना यातलं काही कळता कामा नये."

 म्हणजे दोघी सामील होत्या. डॉक्टर, नर्सबाई, लेक आणि बायको, सगळ्यांनी मिळून खाट ठरवली होती. फक्त ज्याला उचलून न्यायचं त्यालाच सांगायचं बाकी होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी त्यांच्यापासून चोरून ठेवलेली मोठी गोष्ट म्हणजे एकदा त्यांच्या आवडत्या सदऱ्याला इस्त्रीने पडलेलं भोक. त्या काकू आता हे करत होत्या. साहेबांना राग आला, आणि रागाच्या खाली इतकं वाईट वाटलं की त्यांनी संध्याकाळचा चहा नको म्हणून सांगितलं.

एकदा नजर संशयी झाली की सगळीकडे पुरावे सापडतात. काकू त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हत्या. पलंगावरून त्यांना उठवताना तोंड वळवून घेत होत्या. रविवारी उठवताना दोघांचाही तोल जाता जाता सावरला; मग त्यांचं अंग पुसताना काकू मध्येच थांबल्या, पलंगाचा कठडा धरून उभ्या राहिल्या आणि काही न बोलता आत निघून गेल्या. मंगळवारी साहेब उठताना जरा जास्तच लोंबले तेव्हा काकूंच्या तोंडून "आई गं" निघालं. साहेबांनी हे सगळं मनातल्या वहीत टिपलं. शेरा लिहिला: कंटाळली आहे. पुढे लिहिलं: साहजिक आहे. आणि मग रात्रभर तो शेरा त्यांना खात राहिला, कारण साहजिक असलं म्हणून काही ते कमी लागत नाही.

बुधवारी दुपारी काकू औषधाच्या दुकानात गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी उद्याची पिशवी भरून टेबलावर ठेवली होती. जुने रिपोर्ट, चालू औषधं, बंद झालेली औषधं, आणि वर तो कागद, काकूंच्या ठसठशीत अक्षरात भरलेला. तक्ता साहेबांचा, बाकीची पानं काकूंची, अशी वाटणी झाली होती. साहेबांनी दुपारची सहावी गोळी डबीत टाकली, वॉकर ओढत टेबलापर्यंत गेले आणि खुर्चीत बसले. पलंगापासून टेबल सात पावलांवर होतं. त्यांना घामाने अंघोळ झाली. पण पुरावा हातात आल्याशिवाय त्यांनी आजवर कुणावर आरोप ठेवला नव्हता, आणि बायकोवर तर नाहीच.

पहिली पानं निरुपद्रवी होती. नाव, वय, ॲलर्जी. पचन कसं, झोप कशी. मग आठवा प्रश्न आला: 'घरी रुग्णाची काळजी घेणाऱ्या व्यक्तीला काही अडचण आहे का? सविस्तर लिहावे.' खाली पाच ओळींची मोकळी जागा, आणि तिथे निळ्या शाईत तीनच शब्द: काही अडचण नाही.

साहेबांचा अंगठा त्या जागेवरून फिरला आणि थांबला. कागद तिथे खडबडीत झाला होता. खोडरबर चाललं होतं. पेन्सिलीने कुणीतरी बरंच काही लिहिलं होतं आणि मग पुसून टाकलं होतं. हे त्यांच्या ओळखीचं होतं. नोंदवहीत खाडाखोड करून लोकांना वाटायचं की झालं, मिटलं. पण पेन्सिलीचा दाब कागदात राहतो. साहेबांनी खिडकीचा पडदा सरकवला, कागद उन्हात आडवा धरला, जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर, आणि हळूहळू कलता केला. आता सापडेल, त्यांना वाटलं. वॉर्ड, खाट, तारीख. 

एकेक अक्षर उभं राहू लागलं. 'शुक्रवारपासून यांना दुपारनंतर फार दुखतं, पण सांगत नाहीत. उठताना सगळा भार माझ्यावर येतो. माझ्या कमरेतला मणका सरकला आहे असं हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं. उचलायचं नाही म्हणाले. रविवारी दोघंही पडता पडता वाचलो. मला रात्री झोप लागत नाही. मी हे किती दिवस करू शकेन मला माहीत नाही. यांना कळू नये. कळलं तर हात लावू देणार नाहीत.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना त्यांना वाटलं की चुकीचा कागद आहे. दुसऱ्यांदा वाचताना 'शुक्रवारपासून' या शब्दाशी ते अडकले. शुक्रवारपासून डबीत गोळ्या साठत होत्या. शुक्रवारपासून दुपारी त्यांच्या पायांतला जोर जात होता, आणि तो गेलेला जोर काकू आपल्या पाठीवर घेत होत्या. हे सगळं त्यांनी स्वतः केलं होतं. मोठ्या हुशारीने केलं होतं. जिने कठडा धरला होता, जिचं तोंड वळलं होतं, जी 'आई गं' म्हणाली होती, तिच्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं 'कंटाळली आहे'. एकतीस वर्षं लोखंडाला कान लावून आतली चीर ओळखणारा माणूस, आणि घरातलं माणूस समोर मोडत असताना याला ऐकू आलं नाही.

 मग त्यांच्यातला जुना संशयी माणूस बोललाच. म्हणाला, हे असंच राहू दे. तिने पुसलंय ते विचार करून पुसलंय. हे जर उद्या डॉक्टरांनी वाचलं तर काम तमाम. उचलायला कुणी नाही म्हटल्यावर तुला घरी कोण ठेवील? याहून पक्का पुरावा त्या लोकांना मिळणार नाही. आणि तो माणूस काही खोटं बोलत नव्हता. साहेबांना ते पटलं, म्हणूनच पेन उचलायला त्यांना इतका वेळ लागला.

सरकारी नोंदवहीत खोडायचं नसतं. चुकलं असेल त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. साहेबांनी 'काही अडचण नाही'वर रेघ मारली आणि सही केली. मग खाली, मोकळ्या ओळींमध्ये, काकूंनी लिहिलेलं सगळं जसंच्या तसं शाईने उतरवून काढलं. शेवटची दोन वाक्यंसुद्धा गाळली नाहीत. पुढे पान उलटून आपल्या तक्त्यातल्या आकड्यांवर रेघा मारल्या, शेजारी आठ, आठ, नऊ असे खरे आकडे घातले, आणि तळाशी लिहिलं: 'दुपारच्या सहा गोळ्या रुग्णाने घेतल्या नाहीत. सोबत जोडल्या आहेत.' डबी पिशवीत ठेवली. काकू परतल्या तेव्हा ते पलंगावर होते आणि या खेपेला डोळे उघडे होते. काकूंनी विचारलं, चहा करू का. साहेब हो म्हणाले आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणाले की संध्याकाळच्या गोळीची वेळ चुकवू नकोस.

गुरुवारी दोघं टॅक्सीने निघाले. साहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, पण स्वतःच्या पायांनी चालत जाण्याचा बेत सोडून दिला होता. विभागाच्या दारात एका मावशींनी चाकांची खुर्ची आणली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. पुढचा कॉरिडॉर काकूंनी खुर्ची ढकलली. त्यांचा श्वास साहेबांना मागून ऐकू येत होता. कॉरिडॉरच्या उजव्या हाताला तो बारा खाटांचा वॉर्ड होता. साहेबांनी तिकडे पाहिलं नाही.

डॉक्टरबाई चाळिशीच्या होत्या, अंगात पांढरा कोट नव्हता, आणि एरवी एवढ्यावरूनच साहेबांनी त्यांच्याबद्दल वाईट मत करून घेतलं असतं. त्यांनी कागद पहिल्यापासून वाचायला घेतला, सावकाश. आठव्या प्रश्नाशी त्या थांबल्या. मग पान उलटलं, तक्ता पाहिला, पिशवीतली डबी काढून उघडली, गोळ्या मोजल्या आणि परत आठव्या प्रश्नाच्या पानावर आल्या. काकूंनी मान लांब करून कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"या रेघा कोणी मारल्या?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी," साहेब म्हणाले. "बाजूला सही आहे. वरचं खोटं होतं. खालचं तपासून घेतलंय."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या.  डॉक्टरबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि साहेबांना म्हणाल्या की तुमच्याशी मला बरंच बोलायचं आहे, गोळ्यांबद्दल तर नक्कीच, पण आधी तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबाल का, मला यांच्याशी बोलायचंय. पेशंटला बाहेर काढून नातेवाइकाला आत ठेवतात याचा अर्थ काय होतो, हे साहेबांना कुणी सांगायला नको होतं. हीच ती घटका. नर्सबाईंनी त्यांची खुर्ची बाहेर आणली, दाराशेजारी लावली आणि दार ओढून घेतलं.

दार पातळ प्लायवुडचं होतं. साहेबांचा उजवा कान त्यापासून हातभरावर होता. आतून आधी डॉक्टरबाईंचा आवाज आला, एकच वाक्य, प्रश्नासारखं.  आणि मग काकू रडू लागल्या. आजारपणाच्या नऊ महिन्यांत त्या साहेबांसमोर एकदाही रडल्या नव्हत्या. निदान झालं त्या दिवशी त्यांनी घरी येऊन कपाट आवरलं होतं. आता त्या मोठ्याने, आडपडदा न ठेवता रडत होत्या, आणि मधून मधून बोलत होत्या. आणखी थोडं वाकलं असतं तर शब्द कळले असते. आपलं काय ठरतंय तेही कळलं असतं.

साहेबांनी दोन्ही हातांनी चाकं धरली. खांद्यांतून कळ गेली. तरी त्यांनी एक जोर दिला, मग दुसरा, आणि खुर्ची दारापासून पाच-सहा हात लांब, खिडकीपाशी नेली. तिथून आतलं काही ऐकू येत नव्हतं.

पाचाची वीस मिनिटं झाली. दार उघडून काकू बाहेर आल्या. डोळे सुजलेले, नाक लाल, पदराचं टोक मुठीत. त्यांनी दाराशेजारची रिकामी जागा पाहिली, मग खिडकीपाशी पाहिलं. जवळ येऊन उभ्या राहिल्या. 

"विचारणार नाही, काय बोलणं झालं ते?"

"नाही," साहेब म्हणाले. "तुझं होतं ते."

 "मला फार राग आला होता, तुम्ही ते शाईने लिहिलंत म्हणून. अजून आहे," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला घरीच राहायचंय, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, घरीच ठेवू, पण तुमच्या एकटीच्या जिवावर नाही. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ एक बाई येईल. तुम्हाला उठवायला, अंघोळीला. मी हो म्हटलं. तुम्हाला न विचारता."

परकं माणूस घरात येणार, आपल्या अंगाला हात लावणार, कुठे काय ठेवलंय ते पाहणार. साहेबांच्या मनात शंभर शंका उभ्या राहिल्या, सवयीप्रमाणे.

"बरं केलंस," ते म्हणाले.

"चला, आत बोलावलंय तुम्हाला," म्हणत काकू खुर्चीच्या मागे गेल्या आणि हँडल धरायला वाकल्या. साहेबांनी खाली हात घालून दोन्ही चाकांचे ब्रेक लावले.

"तू नको. बस त्या बाकावर."

"अहो, दहा पावलं तर आहेत."

"बस म्हणतो ना."

काकू उभ्याच राहिल्या. मग बाकाकडे गेल्या, एका हाताने कंबर धरून हळू खाली बसल्या, आणि पाठ भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर किती दुखत होतं ते साहेबांना लख्ख दिसलं. कॉरिडॉरच्या टोकाला मघाच्या मावशी चादरींची चळत घेऊन चालल्या होत्या. साहेबांनी हात वर केला.

"मावशी, जरा इकडे येता का?" ते म्हणाले. "आम्हाला मदत हवी आहे."